‘कळलं का?’ ‘होऽऽ सर!’ : विचार करायची पद्धत, स्वभाव आणि पोरांना स्वतःच्या डोक्याची असलेली खबर

मांजराकाठ | शनिवार, रात्री ९:१०

धाग्याला निमित्त एक फाइल आहे. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत शिबिर झालं. पोरांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि पालकांना रंगीत पानांची स्पायरल फाइल दिली. फी काही हजारांत. फाइलीत लिहिलंय : मुलगा ‘विश्लेषक विचारपद्धतीचा’, ‘अंतर्मुख’, आणि त्याची ‘आत्मजाणीव उच्च’. वडील ती घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, सर, मग ह्याला फिजिक्स जमंल ना?

ठशांचं आधीच उरकून टाकतो. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच कायमच्या ठरून जातात. त्यांचा बुद्धीशी, स्वभावाशी किंवा विचार करायच्या पद्धतीशी संबंध असल्याचा पुरावा नाही. आधार कार्डाला चालतात, तेवढं पुरे. त्यावर इथे हाणामारी नको, धाग्याचा काश्मीर होईल.

पण फाइलीत ज्या तीन गोष्टी एका दमात छापल्यात, त्या मात्र काल्पनिक नाहीत. माणूस विचार कसा करतो, त्याचा स्वभाव काय, आणि आपल्या डोक्यात आत्ता काय चाललंय याची त्याला कितपत खबर असते. मी लातुरात बारावी आणि नीटच्या बॅच घेतो, मानसशास्त्र हौसेनं वाचतो. मला तिसऱ्या गोष्टीत जास्त रस आहे. वर्गात विचारतो, ‘कळलं का?’ अख्खी बॅच म्हणते, ‘होऽऽ सर!’ ते ‘हो’ खोटं नसतं. पोरांना खरंच वाटत असतं की कळलंय.

जॉन फ्लॅव्हेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलांना काही गोष्टी लक्षात ठेवायला दिल्या आणि सांगितलं, पक्क्या झाल्याची खात्री पटली की सांगा. मोठी मुलं ‘झालं’ म्हणाली की बहुधा खरंच झालेलं असे. अगदी लहानगी ‘झालं’ म्हणत आणि विचारलं की अडकत. पाठांतराइतकंच ‘झालं की नाही’ हे ओळखणं हीसुद्धा एक वेगळी क्षमता आहे, हे १९७९ सालच्या त्याच्या लेखानंतर लोकांनी मनावर घेतलं. आमची पोरं सतरा-अठराची आहेत आणि त्यांच्यातली कितीतरी अजून त्या लहानग्यांसारखं ‘झालं’ म्हणतात.

म्हणून मी टेस्टच्या वेळी ओएमआरशेजारी एक कोरा कागद ठेवायला लावतो. प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर. ‘प’ म्हणजे पक्कं, ‘अं’ म्हणजे अंदाज, ‘तु’ म्हणजे तुक्का. निकाल लागला की मार्कांच्या आधी आम्ही एकच गोष्ट बघतो : ‘प’ लिहून चुकलेले प्रश्न किती. वर्गात पुढे बसून फटाफट उत्तरं देणाऱ्यांच्या कागदावर हे जास्त सापडतात. मागच्या बाकावरच्या गप्प पोरींच्या कागदावर उलटं : ‘अं’, ‘अं’, ‘अं’, आणि बहुतेक बरोबर.

आता मंडळींना प्रश्न. हे स्वभावामुळं होतं, विचार करायच्या पद्धतीमुळं, की शिकवता येतं? माझा कल तिसऱ्याकडे आहे. पोराला ‘तू अमुक प्रकारचा’ असं सांगून त्याला स्वतःबद्दल काडीचीही जास्त खबर मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत.

उदगीरचा_बाजीराव | शनिवार, रात्री ९:५२

विषय भारी आहे सर, पण तोंडावर बोलतो. पोरं सकाळी सहाला क्लासला जायलेत, रात्री अकराला अभ्यासिकेतून यायलेत. त्यात स्वतःच्या डोक्याकडं कधी बघायचं? लातूर पॅटर्न सराव, उजळणी आणि पेपरावर पेपर यावर उभा राहिला. आत्मभानावर नाही. जास्त विचार करणारं पोरगं पेपरात मागंच राहतंय, हे मी आमच्या घरातच बघायलोय.

मांजराकाठ | शनिवार, रात्री १०:२०

बाजीराव, सरावाला माझा विरोध नाही. कशाचा सराव, हा मुद्दा आहे. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. यातली गंमत पुढे आहे. आठवड्यानंतर किती आठवेल असा अंदाज आधीच विचारला होता, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री वारंवार वाचणाऱ्यांनाच होती.

रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत हायलायटर फिरवणारं पोरगं हेच करतंय. प्रामाणिकपणे कष्ट करून खोटी खात्री कमावतंय. त्याला थांबवायला आणखी तास नकोत, त्याच तासात पुस्तक मिटायची सवय हवी.

गोदातीर | रविवार, सकाळी ८:०५

नांदेडला महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. सरांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या हे बरं केलं, नाहीतर आमचे विद्यार्थीसुद्धा त्यांची खिचडी करतात.

विचारशैलींबद्दल सगळ्यात जास्त वापरली जाणारी मांडणी रॉबर्ट स्टर्नबर्ग यांची. त्यांनी राज्यकारभाराचं रूपक घेतलं आणि १३ शैली सांगितल्या. काहींना स्वतः नियम करायला आवडतं, काहींना दिलेला नियम नीट पाळायला, काहींना दुसऱ्याचं काम तोलून बघायला. कुणी एका वेळी एकाच कामामागं लागतो, कुणी कामांची उतरंड लावतो. कुणाला एकट्यानं जमतं, कुणाला चौघांत. स्टर्नबर्ग स्वतः बजावून सांगतात की शैली म्हणजे क्षमता नव्हे. असलेली क्षमता कशी वापरायला आवडते, एवढंच. शिवाय शैली विषयागणिक बदलते. गणितात चौकट सांभाळणारी मुलगी स्नेहसंमेलनात सगळे नियम मोडून नाटक बसवते.

स्वभावाशी त्यांचं नातं आहे. हाँगकाँगच्या ली-फांग झांग यांनी विद्यार्थ्यांवर बरंच काम केलंय. नव्या अनुभवांना खुली असणारी मुलं नियम करणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या शैलींकडे झुकतात. नेटकी, शिस्तीची मुलं उतरंड लावणाऱ्या शैलीकडे. ह्यात आश्चर्य काही नाही, अर्ध्या ठिकाणी एकच गोष्ट दोन प्रश्नावल्यांनी विचारलेली असते.

मार्कांचं मात्र बघण्यासारखं आहे. स्पेनमधल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर २००० साली आलेल्या एका अभ्यासात जास्त मार्क कुणाला? एकट्यानं काम करणाऱ्यांना आणि दिलेली चौकट पाळणाऱ्यांना. स्वतःचे नियम करू पाहणाऱ्यांना नाही. म्हणजे बाजीराव, तुमच्या घरातलं पोरगं पेपरात मागं पडत असेल तर त्याचा दोष विचार करण्यावर टाकू नका. पेपर कुठल्या शैलीला मार्क देतो तेही बघा.

आणि ‘शैलीप्रमाणे शिकवलं की मूल जास्त शिकतं’ हा समज बी.एड.च्या वर्गांत अजून जोरात आहे. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यावरचे अभ्यास तपासले. ‘बघून शिकणारा’, ‘ऐकून शिकणारा’ असे गट पाडून त्या-त्या पद्धतीनं शिकवल्याचा फायदा दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

गंगाखेडची_माय | रविवार, सकाळी ११:३०

माझी मुलगी लातूरला होस्टेलवर आहे. इथं सगळे म्हणायलेत, स्वतःकडं बघायला शिकवा. आमची तर दिवसभर स्वतःकडंच बघते! फोनवर एकच चालू असतं : ‘आई, मला कळतंच नाही, सगळ्यांना येतं, मलाच येत नाही, कालच्या पेपरात त्या प्रश्नाला माझं काय चुकलं असेल.’ झोपताना तेच, उठताना तेच. तिला स्वतःची जाणीव कमी नाही, जास्तच झालीय. ‘प’ आणि ‘अं’ लिहायला सांगितलं तर ती सगळीकडं ‘तु’ लिहून येईल. अशा लेकरांचं काय करायचं ते कुणी सांगा.

गोदातीर | रविवार, दुपारी १२:१५

ताई, तुमचा प्रश्न ह्या विषयाच्या मधोमध आहे. संशोधकही इथेच अडले होते. फेनिगस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्वतःकडे असलेलं लक्ष मोजायची २३ विधानांची प्रश्नावली केली. स्वतःच्या मनाकडे लक्ष देणाऱ्यांना स्वतःची ओळख जास्त अचूक असते, असं दिसायला हवं होतं. ते दिसलं. पण त्याच लोकांना त्रासही जास्त होता. हे कोडं १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी सोडवलं. स्वतःकडे बघण्याचे दोन वेगळे प्रकार एकाच प्रश्नावलीत मिसळले गेले होते. एक कुतूहलातून येणारा, ‘मी असं का केलं असेल बरं?’ दुसरा भीतीतून येणारा, ‘मी असं का केलं रे देवा!’ पहिल्याचं नातं खुलेपणाशी, दुसऱ्याचं चिंतातुर स्वभावाशी.

तुमच्या लेकीचा दुसरा चाललाय. तिला ‘विचार करू नकोस’ सांगून उपयोग नाही. ‘मला येत नाही’ हा तिचा शेरा आहे, माहिती नव्हे. तिला माहिती मागा : काल कुठला धडा, त्यातले किती प्रश्न सुटले, कुठल्या पायरीवर अडलं. उत्तर आकड्यात आणि पायरीत यायला लागलं की घोकणं कमी होतं. आणि झोप, जेवण बिघडलं असेल, रडू थांबत नसेल, तर वाट न बघता समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. ते धाग्यावर सुटणारं काम नाही. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही चालतो.

निवृत्त_हेडमास्तर | रविवार, सायंकाळी ६:४०

गोदातीर मॅडमनी उत्तम सांगितले. फक्त हे सगळे अमेरिकेहून आणायची गरज काय? आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास स्वतःच्याच मनाला हाक मारून बोलत होते. बोलणारा वेगळा आणि मन वेगळे, ही कसरत आम्ही लहानपणी परवचा म्हणताना नकळत केली. शाळेत ध्यानाचा ‘मित्र’ उपक्रम आला तेव्हा मी दहा मिनिटे आनापान सुरू केले. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष. मुले शांत बसत, पहिल्या तासाला गोंधळ कमी होई. जागरूकता शिकवायचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

विद्यापीठगेट | रविवार, रात्री ९:३०

सर, आनापानाला विरोध नाही, पण दोन गोष्टी. ब्रिटनमध्ये ८ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) तासांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. पुष्कळ मुलांनी घरी सरावच केला नव्हता. म्हणजे वर्ग शांत होणं आणि मुलाला स्वतःच्या डोक्याची खबर लागणं यात अंतर आहे. डोळे मिटून कोण काय करतंय हे मास्तरांना दिसत नाही (मी तेव्हा क्रिकेटची टीम निवडायचो).

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. मी छत्रपती संभाजीनगरला पीएच.डी. करतो, विषय जवळजवळ हाच. पद्धत ठरलेली : स्वभावाची एक प्रश्नावली, विचारशैलीची एक, आणि ‘स्वतःच्या विचारांची जाणीव’ मोजणारी एक. तिसरीसाठी बहुतेक जण श्रॉ आणि डेनिसन यांची १९९४ ची ५२ विधानांची प्रश्नावली वापरतात. मुलं एका बैठकीत, एकाच पेननं, तिन्ही भरतात. मग आम्ही सहसंबंध काढतो आणि ०.३ आला की पेढे वाटतो. ०.३ चा अर्थ काय? एका गोष्टीतल्या चढउतारापैकी ९ टक्के दुसरीशी जुळतो, ९१ टक्के नाही. त्या ९ मधलेही काही केवळ एकाच हातानं भरल्यामुळे जुळतात. ज्याला ‘हो, मला जमतं’ असं लिहायची सवय, तो तिन्हीकडे तसंच लिहितो.

आणि मुळातच गाठ अशी : ज्याला स्वतःच्या डोक्याची खबर नाही, त्यालाच आम्ही विचारतो, ‘तुला खबर आहे का?’ सरांचं ‘होऽऽ’च ते, फक्त पाच पर्यायांत छापलेलं. म्हणून मला मांजराकाठ सरांचा कागद आमच्या ५२ विधानांपेक्षा खरा वाटतो. तिथे मूल म्हणतं एक आणि उत्तरपत्रिका शेजारी बसून साक्ष देते.

निवृत्त_हेडमास्तर | रविवार, रात्री ९:५५

क्रिकेटची टीम निवडताना आपण टीम निवडतो आहोत हे कळले होते ना? मग आनापान जमले होते म्हणायचे. :)

विद्यापीठगेट | रविवार, रात्री १०:०१

हा मुद्दा मान्य! मन भटकणं वेगळं आणि भटकलंय हे लक्षात येणं वेगळं. जोनाथन स्कूलर यांनी वाचणाऱ्यांना मध्येच थांबवून विचारलं, तेव्हा डोळे ओळींवरून फिरताहेत आणि मन भलतीकडं गेल्याचा पत्ताच नाही, असे बरेच सापडले.

तांडामास्तर | सोमवार, सायंकाळी ७:२०

सगळे नीट-जेईईवर बोलायलेत, म्हणून खालची बाजू सांगतो. हिंगोली जिल्ह्यात एका तांड्यावर जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक. पोरं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, पुस्तक मराठीत. दिवाळीनंतर काही आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, परत येतात तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. असल्या पोरांना ‘कळलं का’ विचारलं की ‘हो’ फार जोरात येतं. ‘नाही’ म्हणायला काय कळलं नाही तेवढं तरी कळावं लागतं, आणि ते मराठीत सांगावं लागतं.

मी एवढंच केलं की वजाबाकी करताना तोंडानं बोलायला लावलं, आणि गोरमाटीत बोलायची मुभा दिली. मला ती भाषा मोडकीतोडकीच येते. पण ‘बावन्नातून सतरा’ करताना पोरगं कुठं थांबतं ते भाषा न येताही दिसतं. एक पोरगी सातातून दोन वजा करायची, कारण मोठ्यातून लहान जातं हा तिचा नियम. स्वतः नियम करणारी शैली म्हणाल तर हीच की! तिनं तो नियम दुसऱ्या पोराला समजावून सांगताना स्वतःच मध्येच थांबली, पुन्हा खडे मोजले आणि म्हणाली, असं नाही होणार.

तिचा स्वभाव काय, शैली काय, मला ठाऊक नाही. गप्पगप्प असते म्हणून शेऱ्यात ‘अबोल’ लिहिलेलं होतं. मराठीत अबोल होती, एवढंच.

गोदातीर मॅडम, ह्यावर वाचायला काही असेल तर सुचवा, पण मराठीत.

गोदातीर | सोमवार, रात्री ८:४५

मास्तर, तुम्ही जे करताय त्याला प्रयोगशाळेत मोठ्यानं विचार करायला लावणं म्हणतात आणि प्रश्नावलीपेक्षा ते कितीतरी विश्वासाचं. वाचायला शोधते, पण खरं सांगू, तुम्हीच लिहा. ‘अबोल’वर आमच्या प्रश्नावल्यांनी विचार करावा असं आहे. अंतर्मुखतेची विधानं मुलाला दुसऱ्याच भाषेत विचारली, तर आपण स्वभाव मोजतोय की भाषेची भीती?

रिपीटर_२ | सोमवार, रात्री ११:४८

सर, मी रिपीटर बॅचला आहे. ‘प-अं-तु’ लिहितो. पण एक गणित सांगा. नीटला बरोबरला +४, चुकीला −१, पर्याय चार. आंधळा तुक्का मारला तरी चारात एक बरोबर येणार. ४ − ३ = १, म्हणजे प्रश्नामागं सरासरी पाव मार्क फायदाच. मग सगळे ‘तुक्का मारू नका’ का म्हणतात? आणि तुक्का फायद्यात असेल तर आपल्याला किती येतं हे ओळखून उपयोग काय?

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

गणित बरोबर आहे तुझं. बरोबर येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या वर असली की उत्तर देणं फायद्याचं. आंधळ्या तुक्क्याला २५ मिळतात.

पण तू आंधळा तुक्का मारतच नाहीस. तुला थोडं येत असतं, आणि पेपर काढणाऱ्याला ‘थोडं येणारा’ कुठं घसरतो हे पाठ असतं. घर्षण विसरलेल्याचं उत्तर पर्यायात असतं, चिन्ह चुकवलेल्याचंही असतं. अर्धवट आठवणीनं त्यातला एक ‘ओळखीचा वाटतो’ आणि तू तो निवडतोस. त्या वाटण्यावर टाकलेली खूण २० टक्क्यांच्या खालीही जाते. तुझ्या कागदांवर ‘अं’ लिहिलेल्यांपैकी किती बरोबर येतात ते विषयवार काढ. बायोत निम्म्याहून जास्त आणि फिजिक्समध्ये पाचात एकही नाही, असं निघालं तर तुझा अंदाज बायोत विश्वासाचा आहे, फिजिक्समध्ये नाही. हे तुला कुठलीही फाइल सांगणार नाही. आणि चुकीचे ‘प’ सगळ्यात महाग. प्रत्येकी पाच मार्कांचा फरक, आणि त्यांच्याकडे तू परत फिरकतच नाहीस, कारण ते पक्के असतात.

वेळेचं म्हणशील तर १८० मिनिटांत १८० प्रश्न असताना वेगळा कागद नको. तो सरावापुरता. परीक्षेत प्रश्नपुस्तिकेतच प्रश्नाशेजारी टिंब दे. आणि रात्री पावणेबाराला धागे वाचू नकोस.

उदगीरचा_बाजीराव | मंगळवार, दुपारी १:१५

ते चुकीच्या ‘प’चं पटलं. आमच्या पोराला रविवारच्या पेपरला लिहायला लावतो. पण तो कागद क्लासवाल्यांनी भिंतीवर लावायचा नाही. तसा लावला की पोरं ‘प’ लिहायचंच सोडतील, मग बसा अंदाज मोजत.

विद्यापीठगेट | मंगळवार, रात्री १०:१०

मांजराकाठ सर, हे कागद अभ्यासासाठी मिळू शकतील का? नावं काढून, पालकांची आणि मुलांची संमती घेऊन. सोबत स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली तर चिंतातुर मुलं खरंच ‘अं’ जास्त लिहितात का, आणि नेटक्या मुलांचे ‘प’ जास्त खरे ठरतात का, हे तपासता येईल.

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ६:५०

संमती मिळाली तर देतो. बाजीरावांची अट आहेच. माझी आणखी एक : प्रश्नावलीचा निकाल पोरांच्या हातात जाणार नाही, पालकांच्याही नाही. तुमच्या तक्त्यात हवी ती शैली लिहा. माझ्या बॅचमध्ये कुणी कुणाला ‘तू अंतर्मुख गटातला’ म्हणताना मला ऐकायचं नाही. पुढचं व्यनितून (खासगी निरोपातून) बोलू, क्लास सुरू व्हायचाय.